राबून धावणाऱ्यांसाठी



धावण्याविषयी बोलायला एखाद्या कवीला बोलवावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. म्हणून आधी माझी थोडी ओळख सांगतो. मी इचलकरंजीचा. वयाच्या अठराव्या वर्षी यंत्रमागावर उभा राहिलो आणि पुढची तीसेक वर्षं त्याच खडखडाटात काढली. आधी कामगार होतो, नंतर जॉबर झालो. बी.ए.ची परीक्षा बाहेरून दिली, तीही रातपाळी सांभाळून. कविता त्यानंतर आली. पण कवितेच्याही आधी मला धावण्याचा नाद लागला होता आणि आज पन्नाशी उलटून पाच-सहा वर्षं झाली तरी तो सुटलेला नाही. मी काही नामांकित धावपटू नव्हे. आसपासच्या गावांतल्या शर्यतींत कधी पाचवा आलो, कधी विसावा. बक्षीस म्हणून दोनदा स्टीलची भांडी मिळाली आणि एकदा भिंतीवरचं घड्याळ. तेव्हा आज मी बोलणार आहे ते विजेत्यांविषयी नाही. दिवसभर अंगमेहनतीचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात धावायचं, असं ज्यांचं आयुष्य आहे त्यांच्याविषयी आणि त्यांच्याशीच मला बोलायचं आहे.

गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्याकडे धावण्याचं वेड चांगलंच वाढलं. २००४ साली मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली. २०१२ पासून साताऱ्याच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरू लागली. आता तर तालुक्याच्या गावीही रविवारी सकाळी रंगीत बनियन घातलेली माणसं रस्त्यावर दिसतात. चांगलीच गोष्ट आहे. त्यांच्यासाठी सरावाची वेळापत्रकंही छापून येतात. सोमवारी विश्रांती, मंगळवारी पाच किलोमीटर, बुधवारी वेगाचा सराव, असं सगळं नीट मांडलेलं असतं. पण ही वेळापत्रकं बहुतेक वेळा खुर्चीवर बसून काम करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. त्याचं शरीर दिवसभर थांबलेलं असतं आणि धावणं हा त्या थांबण्यावरचा उतारा असतो.

आता मार्केट यार्डातला हमाल घ्या. बांधकामावरचा गवंडी आणि त्याच्या हाताखालची बाई घ्या. ऊसतोडीवर गेलेलं जोडपं घ्या, औद्योगिक वसाहतीत भट्टीपुढे उभा असलेला पोरगा घ्या. यांच्यातही धावणारे आहेत. कुणाला पोलीस भरती गाठायची आहे, कुणाला शर्यतीतल्या बक्षिसाची रक्कम हवी आहे, तर कुणाला नुसतंच पळायला आवडतं. यांच्यासाठी 'मंगळवारी पाच किलोमीटर' असं लिहिणाऱ्यानं मंगळवारी किती पोती उचलली हे विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे की, राबणाऱ्या माणसाच्या सरावाची सुरुवात किलोमीटरपासून करू नये. ती त्याच्या पाळीपासून आणि झोपेपासून करावी. कारण शरीर कामाचे कष्ट एका वहीत आणि धावण्याचे दुसऱ्या वहीत लिहीत नाही. त्याची वही एकच. बसून काम करणाऱ्याला कष्टाची भर घालायची असते. राबणाऱ्याकडे कष्ट भरपूर जमा असतात, त्याला कमी पडते ती विश्रांती. आणि ताकद वाढते ती धावताना वाढत नाही. धावताना स्नायू झिजतात, थकतात, आणि नंतर खाण्यातून आणि झोपेतून ते भरून निघतात, पहिल्यापेक्षा थोडे जास्त भरून निघतात. हे भरून निघणंच झालं नाही, तर तुम्ही रोज दहा किलोमीटर धावा, हाती झीजच येते.

मागावरच्या कामाचं उदाहरण देतो, कारण ते मला आतून माहीत आहे. एक माणूस चार-सहा माग सांभाळतो. पाळी बारा तासांची, सात ते सात. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रातपाळी. बसायचं नाही. इकडे तार तुटली की जोडायची, तिकडे धोट्यातली कांडी संपली की बदलायची, आणि तोवर तिसरा माग बंद पडलेला असतो. बारा तास काँक्रीटच्या फरशीवर फेऱ्या. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून शेडमध्ये दमटपणा राखावा लागतो. त्या दमट उकाड्यात अंगातून सतत घाम गळतो. जॉबर आणि मदतनिसाला भरलेलं बीम चढवावं लागतं, ते निराळं. पाळी सुटते तेव्हा पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि कानात मागांचा आवाज घुमत असतो. असा माणूस मैदानावर पोचतो, तेव्हा तो ताजातवाना नसतो. त्याचा अर्धा सराव झालेला असतो.

म्हणून मी माझं वेळापत्रक आठवड्याचं केलं नाही. पाळी आठवड्याला बदलते, तर वेळापत्रक पंधरवड्याचं हवं. ते सांगतो. ज्याची पाळी वेगळी असेल त्यानं त्यातला हिशोब तेवढा घ्यावा.

दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे पाचला उठायचं आणि पाऊण तास धावायचं, तेही आठवड्यातून चारच दिवस. त्यातले तीन दिवस अगदी सावकाश आणि एक दिवस वेगाचा सराव. संध्याकाळी सातला सुटून आलं की जेवून साडेनऊला अंथरुणावर पडायचं. यात साडेसात तास झोप मिळते. साडेनऊला पडणं जमणार नसेल, तर पहाटेचं धावणं त्या दिवसापुरतं सोडून द्यायचं. झोप कापून धावायचं नाही, हा पहिला नियम.

रातपाळीच्या आठवड्यात पुष्कळ पोरं सकाळी सातला सुटली की तशीच मैदानावर जातात. मला ते पटत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाचं लक्ष ठिकाणावर नसतं, रस्त्यावर शाळेच्या रिक्षा आणि दुधाच्या गाड्या सुरू झालेल्या असतात, ऊन चढत असतं, आणि धावून आल्यावर झोपही लवकर लागत नाही. त्यापेक्षा घरी यावं, थोडं खावं, आंघोळ करावी आणि साडेआठला झोपावं. अडीच वाजेपर्यंत झोप, मग जेवण. संध्याकाळी पाचला अर्धा तास सावकाश धावायचं, सहाला पुन्हा हलकं खाऊन कामावर. तेही आठवड्यातून तीनदा. या आठवड्यात वेगाचा सराव अजिबात नाही. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेइतकी खोल आणि लांब होत नाही, हे ध्यानात ठेवायचं.

आता सुट्टी. इथे एक गंमत आहे, ती नीट ऐका. दिवसपाळीचा आठवडा संपतो तेव्हा तुम्ही संध्याकाळी सातला सुटता. मधे सुट्टीचा दिवस जातो आणि रातपाळीला हजर व्हायचं असतं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला. म्हणजे मधे अठ्ठेचाळीस तास मिळतात. लांब पल्ल्याचं धावणं असेल तर ते इथेच बसवायचं. सुट्टीच्या पहाटे दीड तास सावकाश धावावं, दुपारी झोप काढावी, तरीही पुढचा सबंध दिवस हातात राहतो. उलट रातपाळीचा आठवडा संपतो तेव्हा तुम्ही सुट्टीच्याच सकाळी सातला सुटता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा मागावर. मधे फक्त चोवीस तास. या सुट्टीत धावण्याचं नावही काढायचं नाही. झोपायचं, बाजार करायचा, मुलांशी बोलायचं. पंधरा दिवसांत एकदा वेग, एकदा लांब पल्ला आणि बाकी सगळं सावकाश. ऐकायला हे कमी वाटेल. पण त्यात बारा-बारा तासांच्या फेऱ्या मिळवा, मग ते कमी वाटणार नाही.

'सावकाश' म्हणजे किती, असं पोरं विचारतात. शेजारी धावणाऱ्याशी सलग बोलता आलं पाहिजे, इतकं सावकाश. एकटे असाल तर मनात नव्हे, तोंडानं चार वाक्यं बोलून बघा. दम लागून वाक्य तुटलं तर वेग कमी करा. ही युक्ती माझी नाही. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा गृहस्थ होता. बुटांच्या कारखान्यात काम करायचा, काही काळ त्यानं दूध घालण्याचंही काम केलं, आणि त्यातून वेळ काढून तो धावायचा. आधी स्वतःवर प्रयोग करून त्यानं सरावाची एक पद्धत बसवली. तिचा पाया हाच होता, की बरंचसं धावणं दम न लागता, बोलता येईल अशा चालीनं करायचं आणि वेग त्या पायावर नंतर चढवायचा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये २ सप्टेंबरला पीटर स्नेल आणि मरी हॅल्बर्ग या त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी ८०० आणि ५,००० मीटरची सुवर्णपदकं जिंकली. बुटांच्या कारखान्यातल्या माणसाची ही पद्धत पुढे जगभर गेली.

कारखान्याचीच गोष्ट निघाली आहे, तर आणखी एका माणसाचं नाव घेतो. बुगेरा एल वाफी. अल्जीरियातल्या वाळवंटाकडच्या भागात जन्मलेला हा माणूस फ्रेंच सैन्यात होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनला सातवा आला. पुढे पॅरिसजवळच्या रेनॉ मोटारींच्या कारखान्यात कामाला लागला. काम सुटल्यावर सराव करायचा. १९२८ साली अॅमस्टरडॅमला त्यानं २ तास ३२ मिनिटं ५७ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. बराच वेळ तो आघाडीवर नव्हता, शेवटच्या टप्प्यात एकेकाला गाठत पुढे आला. मला यात नवल वाटत नाही. बारा तासांच्या पाळीत पहिल्या तासाला कुणी अंगातली सगळी रग खर्च करत नाही. अकराव्या तासासाठी काय राखून ठेवायचं हे कामगाराला शिकवावं लागत नाही. ती अक्कल तुमच्याजवळ आहे, ती मैदानावरही वापरा, एवढंच मला सांगायचं आहे. एल वाफीची पुढची कहाणी मात्र सुखाची नाही. पैसे घेऊन धावल्यामुळे त्याची हौशी खेळाडूंतली जागा गेली, नंतर गरिबीत दिवस काढले आणि १९५९ साली पॅरिसच्या परिसरात तो गोळीबारात मारला गेला.

आपल्याकडची सुरुवातही राबणाऱ्या पायांनीच झाली. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकरी अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले, आणि ही माणसं परदेशातल्या धावपटूंच्या जवळ पोचू शकतात असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्या भागातल्या पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता आजच्या पोरांकडे येतो. आमच्याकडे पहाटे कुठल्याही मैदानावर गेलात, तर निम्मी गर्दी पोलीस भरतीची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलांना पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत चार फेऱ्या संपवाव्या लागतात, म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. माझा भाचा याच खटपटीत आहे. तो एका ट्रान्सपोर्टमध्ये कापडाच्या गाठी चढवतो. गाड्या भरतात संध्याकाळी, त्याला घरी यायला रात्रीचे बारा वाजतात. आणि पहाटे साडेचारला तो अकादमीच्या पोरांबरोबर मैदानावर हजर. ती पोरं दुपारी झोपू शकतात, हा झोपू शकत नाही. सराव मात्र त्यांचाच करायचा. चार महिन्यांत त्याची वेळ सहा मिनिटं पाच सेकंदांवरून सहा वीसवर गेली. नडगी दुखायला लागली. मला म्हणाला, "मामू, आणखी एक तास वाढवू का?"

मी म्हटलं, "वाढव. झोपेत वाढव."

त्याचं पहाटेचं मैदान बंद केलं. आठपर्यंत झोप, नऊला मैदान. आठवड्यात तीन दिवस सावकाश अर्धा-पाऊण तास, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, अंग हलकं असताना, चारशे मीटरच्या फेऱ्या. पाच फेऱ्या, प्रत्येकीच्या मधे तीन मिनिटं चालणं. ज्या दिवशी गाठी जास्त त्याच्या दुसऱ्या दिवशी धावायचं नाही. जोर-बैठका बंद, कारण गाठी उचलणं हाच त्याचा व्यायाम. आधी दोन आठवडे नडगीला पूर्ण आराम दिला. तीन महिन्यांनी त्याची वेळ पाच मिनिटं चौतीस सेकंदांवर आली. अजून चोवीस सेकंद बाकी आहेत आणि वयाची मर्यादाही जवळ येते आहे. पण तो म्हणतो, "मामू, आता मैदानावर झोप येत नाही." मला ही प्रगती मोठी वाटते.

कारण यात जिवाचा प्रश्न आहे, हे आपण विसरू नये. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटरच्या चाचणीत धावलेले काही तरुण दगावले. जूनचा उकाडा, लांबून केलेला प्रवास, अपुरी झोप आणि नोकरीसाठी जीव तोडून धावणं, हे एकत्र येऊ देणं फार धोक्याचं आहे. आणि जो उन्हात किंवा दमट शेडमध्ये काम करून आला आहे त्याच्या अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं. म्हणून कामावर असतानाच थोड्या-थोड्या वेळानं पाणी प्यायचं. लघवी गडद पिवळी होत असेल तर त्या दिवशी धावायचं नाही. धावताना डोकं गरगरलं, मळमळलं, उन्हातही अंगावर शहारे आले, बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तर तिथेच थांबायचं. सोबतच्यांनी त्याला सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावं. 'थोडं उरलंय, पळ' असं म्हणू नये.

रमजानविषयी मला नेहमी विचारतात. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे माझ्या वाट्याला तो थंडीतही आला आणि भर उन्हाळ्यातही आला. पाण्याशिवाय दिवसभर मागावर उभं राहायचं, तर त्या महिन्यात सराव वाढवण्याचा विचारच नको. फक्त सवय मोडू द्यायची नाही. मी इफ्तारच्या आधी वीस मिनिटं अगदी हळू धावतो, म्हणजे थांबलं की लगेच पाणी मिळतं. उन्हाळ्यातल्या दिवसपाळीत तेही सोडतो आणि तरावीहच्या नमाजनंतर नुसता चालतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास करून कामावर जाणारे माझे सोबती आहेत, त्यांनाही मी हेच सांगतो. महिनाभर सावकाश गेल्यानं काही बिघडत नाही. ईदनंतर दोन-तीन आठवड्यांत चाल पुन्हा येते.

खाण्याविषयी फार बोलत नाही. महागडे डबे आणायची गरज नाही. भाकरी, आमटी, भात, शेंगदाणे, गूळ, केळी, अंडी, परवडेल तेव्हा दूध, यात सगळं आहे. मात्र ते पोटभर हवं आणि वेळेवर हवं. धावून आल्यावर नुसता चहा पिऊन कामाला जाणं, हे आमच्याकडचं जुनं दुखणं आहे. चहाबरोबर निदान दोन केळी किंवा मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खावा. पायातलं दुखणंही ओळखायला शिकावं. दोन्ही पोटऱ्या भरून आल्या आणि थोडं चालल्यावर मोकळ्या झाल्या, तर काळजी नाही. पण हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि धावताना ते वाढत असेल, तर थांबावं आणि डॉक्टरला दाखवावं. तो हाडाला बारीक चीर गेल्याचा इशारा असू शकतो. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं, आणि कामावरची चप्पल-बूट वेगळे, धावायचे वेगळे.

बायकांचं धावणं आणखी अवघड. कांड्या भरणारी किंवा शिलाईवर बसणारी मुलगी घरी आली तरी तिची पाळी सुटत नाही. पाणी भरणं, भांडी, धुणं हेसुद्धा कष्टच आहेत आणि तेही त्याच वहीत लिहिले जातात. तिच्या सरावात ते धरले पाहिजेत. लवकर दम लागतो, चेहरा फिकट दिसतो, असं असेल तर आळशी म्हणण्याआधी रक्त तपासून घ्यावं. आपल्याकडे मुलींच्या अंगात रक्त कमी असणं फार आढळतं, आणि त्यावर गोळ्या आहेत. बारामतीच्या लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली ही बाई नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरली आणि जिंकली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आपण टाळ्या वाजवल्या. पण दवाखान्याच्या खर्चासाठी म्हातारपणी कुणाला धावावं लागू नये, हेही त्या टाळ्या वाजवताना मनात असायला हवं.

शेवटी एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात मी कामाला होतो तेव्हा माझ्या धावण्याची बातमी मुकादमापर्यंत गेली. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पळायला अंगात रग हाय, तर आणखी दोन माग घे." सगळे हसले, मीही हसलो. माग मात्र घेतले नाहीत. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण एक समजूत होती. कामगाराच्या अंगात कामानंतर जी ताकद उरते, ती चुकून उरली, खरं तर तीही कामाचीच, अशी ती समजूत. ती फार जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यानंतर सहा वर्षं झगडावं लागलं, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आमच्या मागांवर ती कितपत पाळली गेली हे मी वर सांगितलेल्या पाळीवरून तुम्हाला कळलंच असेल. तरी उरलेला वेळ आपला असतो, हे त्या लोकांनी भांडून मिळवलेलं आहे. त्या वेळात मी धावतो. मागावरच्या माझ्या प्रत्येक फेरीचा हिशोब दिवाणजीच्या वहीत मीटरनं लागला. पंचगंगेच्या काठानं मी जे धावलो, त्याचा हिशोब कुणाकडे नाही. माझ्या कितीतरी कविता त्या वाटेवर सुचल्या आहेत.

जाता जाता, जे धावत नाहीत त्यांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा गल्लीत रातपाळी करून आलेलं कुणी दुपारी झोपलेलं असेल, तर टीव्हीचा आवाज कमी करा, दाराशी मुलं दंगा करत असतील तर त्यांना पलीकडे खेळायला सांगा, आणि 'दिवसा काय लोळतोय' असं म्हणू नका. भरतीच्या पोराला बूट घेऊन देणं तुम्हाला जमेल किंवा जमणार नाही. दुपारची दोन तास शांतता देणं मात्र सगळ्यांना जमण्यासारखं आहे.